सुधाकर कोणत्या टाइपचा? आधी नाटकाचा कितवा अंक ते सांगा

दिवाळीला पुतणी नागपूरहून आली आणि दोन दिवस आमच्या ओसरीवर एकच विषय चालला. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या दारूवरच्या नाटकातल्या एकेका पात्राला एमबीटीआय या स्वभाव-चाचणीची चार अक्षरं लावली आहेत. सुधाकर ईएनटीजे, त्याची बायको सिंधू आयएसएफजे, त्याचा पिण्यातला सोबती तळीराम ईएनटीपी. एनिअग्राम या दुसऱ्या स्वभाव-वर्गवारीच्या नऊ नंबरांत सुधाकर तीन, म्हणजे यश आणि लोकांतली मान यांवर जगणारा. सिंधू दोन, दुसऱ्यासाठी झिजणारी. "काकू, बरोबर हाये नं?"

मी सावनेर तालुक्यातली. गडकरी आमच्या सावनेरलाच गेले, २३ जानेवारी १९१९ ला, अवघ्या ३३ व्या वर्षी. हे नाटक त्यांच्यामागे, त्याच वर्षी रंगभूमीवर आलं. त्यामुळे आमच्याकडे त्याच्याबद्दल कुणी बोललं की मला उठून जाता येत नाही.

तीन नंबर मला पटला. सुधाकर हुशार वकील, तापट, मानी. कोर्टात खटका उडतो, सनद काही काळासाठी जाते, आणि तळीराम नेमका त्याच जखमेवर प्याला पुढे करतो. दुसरा एखादा घरी येऊन जेवला असता आणि झोपला असता. स्वभाव पाहिल्याशिवाय तो पहिला प्याला कळत नाही, इथपर्यंत मी पोरींच्या बाजूनं आहे. माणसांचे प्रकार पाडणं आपल्यालाही नवं नाही. पत्रिकेत देवगण-राक्षसगण असतो, वैद्याकडे वात-पित्त-कफ. माझी आजी आजोबांबद्दल सांगायची, "पित्ताचा मानूस हाय, त्याले उपाशी नोको ठेवू." त्या एका वाक्यावर तिनं संसार सांभाळला.

पण पुढे काय? माझे मोठे बाबा गावाचे अर्ज लिहून द्यायचे. अक्षर मोत्यासारखं, टोपण लावल्याशिवाय पेन खिशात जायचं नाही. एका कचेरीत चार लोकांसमोर त्यांचा पाणउतारा झाला आणि त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा पिऊन आले. पाच-सहा वर्षांनी तेच मोठे बाबा रेशनच्या फॉर्मवर सही करताना पेन दोन्ही हातांनी धरायचे. आता सांगा, चाचणीचे प्रश्न कोणत्या मोठ्या बाबांना विचारायचे? गावात पिणारे सगळेच मी पाहिले आहेत. अबोल, बोलके, हिशोबी, उधळे. दोन-चार वर्षांत सगळ्यांचा एकच स्वभाव होतो.

गडकऱ्यांना हे ठाऊक होतं. नाटकात सुधाकर स्वतः आपल्या मित्राला, रामलालला, दारूबाजाच्या अवस्था समजावून सांगतो. सुटण्याची वेळ कोणती आणि ती कशी हातची जाते, हे बुडणारा माणूसच शुद्धीवर असताना सांगतोय. मला वाटतं, नाटकातली खरी वर्गवारी तीच आहे. ती माणसांची नाही, अवस्थांची आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगचं माणसांच्या प्रकारांवरचं पुस्तक १९२१ चं, आणि त्याच्या आधारानं कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी एमबीटीआयचे सोळा प्रकार बांधले ते त्यानंतर. त्या सोळांत माणूस एकदा बसला की बसला. प्रत्यक्षात तोच माणूस काही आठवड्यांनी परत चाचणीला बसला तर चारांतलं एखादं अक्षर बदललेलं अनेकदा दिसतं. बिग फाइव्ह ही पाच गुणांची चाचणी मला त्यातल्या त्यात बरी वाटते, कारण तिथे डबे नाहीत, कमीजास्त मोजायची पट्टी आहे.

माझं खरं भांडण सिंधूच्या दोन नंबराशी आहे. तिचा भाऊ पद्माकर पैसेवाला, माहेरचं दार उघडं, तरी ती जात नाही, लोकांचं दळण दळते. याला 'टाइप' म्हटलं की सगळं तिच्या अंगच्या गुणावर जातं. मग तिला तसं वाढवणाऱ्यांचं काय? तळीरामाची गीता त्याच नाटकात आहे, दारुड्याचीच बायको आहे, आणि ती तोंड उघडते.

माझी मोठी आई लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची. चुकाऱ्याचे पैसे जवारीच्या कोठीत खोल खुपसून ठेवायची, हात कोपरापर्यंत पांढरा व्हायचा. पुतणीनं मोठ्या हौसेनं तिलाही प्रश्न विचारले. तुला लोकांत बरं वाटते का एकटीले? मोठी आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कोनत्या सालचं सांगू, बाई?"

पुतणीनं मोबाईल खाली ठेवला. मग तिनं विचारलं, तू माहेरी काऊन नाही गेली? मोठी आई म्हणाली, "मी गेली असती त यायले कोन वाढलं असतं?" ती मायाळू आहेच. पण तिला दुसरं काही मागायला कुणी शिकवलंच नव्हतं, हेही तितकंच खरं. चार अक्षरांत हे दुसरं येत नाही.

पुतणीच्या यादीत भगीरथ नव्हता. प्रेमभंगानं प्यायला लागलेला आणि रामलालच्या संगतीनं बाहेर आलेला एकमेव माणूस तो. मी तिला म्हटलं, पोळ्याला येशील तेव्हा त्याचं लिहून आण. तो सुटला तो त्याच्या स्वभावामुळे की रामलाल वेळेवर भेटला म्हणून? मोठ्या बाबांना कुणी रामलाल भेटला नाही. तुमच्यापैकी ज्यांनी हे नाटक वाचलंय किंवा गावात बसवलंय, त्यांना भगीरथ कसा दिसतो, मला खरंच ऐकायचंय.