मावशीच्या चाळणीतले हिरवे ‘खडे’

‘ऑपरेशनशिवाय पित्ताशयातले खडे एका रात्रीत बाहेर’ हा संदेश गेली कित्येक वर्षे व्हॉट्सॲपवर फिरतो आहे आणि आजवर मी तो न वाचताच पुसत आलो. एप्रिलमध्ये मात्र सहकारनगरच्या मावशीने चहाच्या चाळणीतल्या हिरव्या गोळ्यांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, ‘त्रेचाळीस पडले. शस्त्रक्रियेची तारीख रद्द करते आहे.’ त्यानंतर गप्प बसणे शक्य नव्हते.

संदेशातली कृती अशी : सहा दिवस सफरचंदाचा रस, मग एप्सम सॉल्टचे (जुलाब लावणाऱ्या एका क्षाराचे) पाणी आणि शेवटच्या रात्री पेलाभर ऑलिव्ह तेल लिंबाच्या रसात. सकाळी शौचावाटे जे हिरवे गोळे पडतात तेच खडे, असा दावा आहे. न्यूझीलंडमधील वायकाटो रुग्णालयातील डॉक्टरांनी असेच गोळे तपासून २००५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. त्यांच्या रुग्ण महिलेने ६०० मिलिलिटर ऑलिव्ह तेल आणि ३०० मिलिलिटर लिंबाचा रस घेतला होता. खरे पित्ताचे खडे ज्यांचे बनतात त्या कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन (पित्तातले पिवळे रंगद्रव्य) किंवा कॅल्शियम यांपैकी पडलेल्या गोळ्यांत काहीही सापडले नाही. सुमारे ७५ टक्के भाग मेदाम्लांचा (फॅटी ॲसिड्सचा) होता आणि ४० अंश सेल्सिअसला दहा मिनिटांत त्यांचे हिरवे तेलकट पाणी झाले. तेलातली मेदाम्ले आणि लिंबातले पोटॅशियम यांच्यापासून आतड्यातच तयार झालेला हा एक प्रकारचा साबण होता. मावशीला मी एवढेच सांगितले की, ती चाळणी ताटलीत ठेवून गच्चीवर उन्हात ठेव. दुपारी तिचा फोन आला : ताटलीत हिरवा ओघळ आणि चाळणी रिकामी. खरे कोलेस्टेरॉल वितळायला १४८ अंशांच्या आसपास तापमान लागते. पुण्याचा उन्हाळा कितीही कडक असला तरी तेवढा नाही.

या समजाच्या मुळाशी मूतखड्याचा हिशेब असावा. भरपूर पाणी प्यायले की लहान मूतखडा लघवीवाटे पडतो, हे घराघरांत ठाऊक असते. पित्ताशय ही मात्र एकच तोंड असलेली पिशवी आहे. त्या तोंडाची नळी जेमतेम काही मिलिमीटर रुंद आणि आतून पिळदार घड्यांची असते. तिच्यातून हरभऱ्याएवढे त्रेचाळीस खडे एका रात्रीत बिनबोभाट निघाले, यावर विश्वास कसा बसतो?

संदेशातला सर्वांत घातक भाग पुढे आहे : ‘पोट दुखले, डोळे पिवळे दिसले तरी घाबरू नका, खडे सुटत आहेत.’ तेलाचा मोठा घोट पोटात गेला की पित्ताशय जोरात आकुंचन पावते, आणि एखादा लहान खडा खरोखरच नळीत सरकू शकतो. मुख्य पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आतड्याच्या तोंडाशी बहुधा एकत्र येतात. खडा तिथे अडकला की कावीळ होते, पित्तनलिकेत जंतुसंसर्ग होतो किंवा स्वादुपिंडाला सूज येते, आणि ही सूज जिवावर बेतू शकते.

‘पित्ताशय काढले की पचन संपले’ हेही चूक आहे. पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात ते फक्त साठते. काहींना नंतर पातळ शौचाचा त्रास होतो, इतकेच. ‘नुसते खडे काढा, पिशवी कशाला?’ याचे उत्तर बर्लिनचे शल्यचिकित्सक कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढले तेव्हाच दिले होते : खडे तयार होतात ते त्या पिशवीतच.

एक गोष्ट मान्य करावी लागते. ‘प्रत्येक खड्याला शस्त्रक्रिया लागत नाही’ हे संदेशातले वाक्य खरे आहे. सोनोग्राफीत योगायोगाने दिसलेले आणि काहीच त्रास न देणारे खडे बहुतेकदा तसेच ठेवतात. मावशीला मात्र तळलेले खाल्ले की रात्री उजव्या बरगडीखालून थेट खांद्यापर्यंत कळ जाते. गेल्या आठवड्यात तिची पुन्हा सोनोग्राफी झाली. आधीचे तिन्ही खडे जागेवर आहेत आणि तिने शस्त्रक्रियेची नवी तारीख घेतली आहे.