घोडा, आजोबा आणि दोन टक्के

थकलेली माणसं आणि थकलेले घोडे एकाच आवारात सांभाळताय? मग तुमचं निम्मं काम झालंच म्हणून समजा. मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, त्यालाच सीएसआर म्हणतात. हा पैसा कुठे चालतो याची यादी म्हणजे कंपनी कायदा, २०१३ ची सातवी अनुसूची. तिच्यात वृद्धाश्रम तिसऱ्या बाबीत आहेत आणि प्राणीकल्याण चौथ्या. शेजार अगदी सख्खा. त्या दोन टक्क्यांसाठी कंपनीला एकच प्रस्ताव दोनदा पाठवा. फक्त ‘आजोबा’च्या जागी ‘घोडा’ घाला. ‘उर्वरित आयुष्य सन्मानाने’ हे दोन्हीकडे चालतं. घोडा पूर्वी मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाडी ओढत असेल तर सोन्याहून पिवळं. उच्च न्यायालयाने २०१५ साली त्या गाड्या बेकायदा ठरवल्या, त्यामुळे पहिला परिच्छेद आयताच मिळतो.

आता मागायचं काय? नालबंदाची मजुरी अजिबात मागू नका. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर तासावे लागतात, म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीने घासले नाहीत तर अर्धी चंदी तोंडातून खाली सांडते, हे सगळं खरं. पण दाताला देणाऱ्याच्या नावाची पाटी ठोकता येते का? शेड मागा. आजी-आजोबांसाठी टीव्ही मागा. आहे म्हणता? दुसरा मागा. मोठ्यांचे डायपर आणि रात्रपाळीच्या मावशींचा पगार हे विषय चहा येण्याआधी काढायचे नाहीत, चहानंतर तर नाहीच नाही.

मावशींचा पगार म्हणजे ‘प्रशासकीय खर्च’, तो पाच टक्क्यांच्या वर बसत नाही, असं तुम्हाला ऐकवलं जाईल. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे, प्रकल्पात राबणाऱ्या माणसांवर नाही, हे तुम्ही नियमांत वाचलं असेल. वाचलंत तर वाचलंत, बोलू नका. देणाऱ्याला नियम शिकवणाऱ्याचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत नसतं.

साहेब येतील त्या दिवशी एका घोड्याला खरारा करून चकचकीत ठेवा आणि एक बरगड्या मोजता येतील असा बाजूला राखा. ‘आधी’च्या फोटोला तोच लागतो. (घोडे सांभाळणारा मोतद्दार भला माणूस असेल तर चोरून चंदी घालून त्याला बरा करतो. लक्ष ठेवा.) फळवाटपात मधुमेहवाल्या आजोबांनी केळं छातीशी धरायचं, हसायचं आणि फोटो झाला की परत करायचं.

अर्जात शेवटी एक रकाना असतो : ‘तीन वर्षांनी मदत थांबल्यावर लाभार्थी स्वावलंबी कसे होतील?’ लाभार्थी ८८ वर्षांच्या आजी आहेत आणि त्यांना कुशीवर वळवायलाही दोघी लागतात. ‘टप्प्याटप्प्याने’ असं लिहा.

अर्ज मार्चमध्येच टाका. वर्षअखेरीला पैसे उरलेले असतात आणि ते खर्चायची घाई कंपन्यांनाच तुमच्यापेक्षा जास्त असते. घोड्याचा पोटशूळ आणि आजोबांचं न्हाणीघरात घसरणं हेही शक्यतो मार्चमध्येच बसवा. ऑगस्टमध्ये घसरले, तर त्यांना म्हणावं, जरा धरून ठेवा.