विंडोज १० थांबले म्हणून कॉम्प्युटर भंगारात घालू नका

फोंड्यात आमच्या वाड्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘विंडोज १० कायमचे बंद झाले. ११ चढत नसेल तर कॉम्प्युटर निकामी. नेटला जोडलात की बँक खाते रिकामे. नवीनच घ्या.’ तो वाचून माझ्या मावशीने चांगला चालणारा लॅपटॉप भंगारवाल्यासाठी काढून ठेवला. मला फार वाईट वाटले.

‘कायमचे बंद’ हे खोटे. १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचे फुकट अपडेट थांबले. मशीन पूर्वीसारखेच चालते. शिवाय घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठीची नोंदणी सेटिंग्जमध्ये, विंडोज अपडेटच्या पानावरच होते. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी. मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत.

‘११ चढत नाही’ हेही आधी तपासा. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी मशीनमधली सोय) लागते. पुष्कळ मशीनांत ते असते, पण बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद असते. इंटेलमध्ये पीटीटी, एएमडीत एफटीपीएम या नावाने. शेजारच्या मुलाचा कॉम्प्युटर एवढे चालू करताच पात्र ठरला. प्रोसेसरच जुना असेल, इंटेलचा साधारण आठव्या पिढीआधीचा, तर मात्र अधिकृत इलाज नाही.

मावशीचा सहाव्या पिढीचा. मग ‘निकामी’? मुळीच नाही. लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली, पेनड्राइव्हवर घेतले आणि डिस्कला हात न लावता तिथूनच चालवून पाहिले. वायफाय, आवाज, प्रिंटर, सगळे चालले. जत्रेतल्या नाटकांच्या नकला, म्हणजे संवादांच्या प्रती, टाइप करणे हे तिचे मुख्य काम. लिबरऑफिस या फुकट लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डने ते तसेच जमते. अडचण आली ती युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमधल्या जुन्या फाइलींची. त्या विंडोजवर असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागल्या, आणि त्यात दोन संध्याकाळी गेल्या. टॅलीवर धंद्याचे हिशेब ठेवणाऱ्यांना किंवा डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्यांना मी लिनक्स सुचवणार नाही.

बँकेच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण ‘जोडलात की’ नव्हे. अपडेट थांबल्यावर सापडणारी सुरक्षेतली छिद्रे उघडीच राहतात, म्हणून धोका महिन्यागणिक वाढतो. अपडेट नसलेल्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका, हे मी मावशीलाही बजावले आहे.

आणि काहीही करण्याआधी फोटो, कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवा. मिंट डिस्कवर चढवताना ‘सगळे पुसा’ हा पर्याय निवडलात तर जुने काहीच उरत नाही.