मुलाशेजारी दोन तास बसलं की मार्क वाढतात?

पालकांच्या ग्रुपवर वरचेवर फिरणारा सल्ला थोडक्यात असा: रोज दोन तास मुलाशेजारी बसा, प्रत्येक धडा दहा वेळा वाचून घ्या, चूक दिसली की तिथल्या तिथे खोडून बरोबर लिहून घ्या, आणि पहाटे चारला उठवा. यातलं 'रोज' तेवढं आम्हाला मान्य आहे. बाकीचं एकेक पाहू.

'धडा दहा वेळा वाचून घ्या.' सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. तिसऱ्या वाचनापर्यंत मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचं झालं म्हणजे पाठ झालं, असं मुलालाही वाटतं, आईबाबांनाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६.

घरी हे असं करता येतं. एकदा नीट वाचन. पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर पाचसात मिनिटं आठवेल ते लिहायचं. लहान मुलांनी तोंडी सांगितलं तरी चालेल. मग पुस्तक उघडून सुटलेलं वेगळ्या शाईने भरायचं. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग तीनचार दिवसांनी, मग आठवड्याने. फसतं ते बहुतेकदा आपल्यामुळे: मूल अडलं की पहिला शब्द आपण पुरवतो. आठवायची धडपड हाच तर व्यायाम, तो आपणच करून टाकतो. शिवाय सुरुवातीला कागद अर्धा कोराच राहतो आणि मूल हिरमुसतं. तसं होणार हे त्याला आधीच सांगून ठेवा.

'चूक लगेच खोडा.' खोडलीत तर ती कुठून आली हे कळायचं नाही. ५०२ वजा १७८ चं उत्तर मुलाने ४७६ लिहिलं. हा निष्काळजीपणा नव्हे. प्रत्येक घरात त्याने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय: ८ मधून २, ७ मधून ०, ५ मधून १. त्याचा नियम पक्का आहे, फक्त चुकीचा. शेजारी ३२४ लिहून दिलंत तर उद्या ६०३ वजा २४७ ला तो तेच करेल. 'हे कसं केलंस ते सांग' म्हणा आणि गप्प राहा. मग सुट्ट्या काड्या आणि दहा-दहाचे गठ्ठे घेऊन बसा. दशकाच्या घरात शून्य असलं की आधी शतक फोडून दहा गठ्ठे करायचे, मग त्यातला एक गठ्ठा सोडून काड्या सुट्ट्या करायच्या; मुलं नेमकी इथे अडकतात.

'दोन तास शेजारी बसा.' २०१५ साली पहिली-दुसरीतल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि जे वारंवार गृहपाठात मदत करत, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली. सगळ्याच पालकांना हे लागू नाही. पण तुमचा आवाज चढत असेल तर उठलेलं बरं. सुरुवातीची पाच मिनिटं बसा, आज काय करायचंय ते मुलालाच बोलू द्या. मध्ये त्याच खोलीत आपलं काम करा. शेवटी पाच मिनिटं वही बघा.

'पहाटे चारला उठवा.' सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठरा वयाला ८ ते १०. चारला उठायचं तर दहा वर्षांच्या मुलाने संध्याकाळी सातच्या आत झोपायला हवं. तेवढं जमत असेल तर खुशाल उठवा.