अंगठीने रक्तातली साखर कळत नाही

महिनाभर बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘नॅनो सोन्याची अंगठी घाला, सुई न टोचता साखर कळते. एन्झाइमची स्ट्रिप लागत नाही. शरीरातल्या साखरेवर मोबाईलसुद्धा चार्ज होतो.’ खानापूरच्या माझ्या मावशीने तो वाचून स्ट्रिप आणणंच थांबवलं, म्हणून हे लिहितोय.

मेसेजमधल्या ‘नॅनो सोन्या’मागचं बारीक छिद्रांचं, सच्छिद्र सोनं खरं आहे. बेळगावातल्या शहापूरच्या कुठल्याही जुन्या सोनाराला विचारा. सोनं शुद्ध करताना आधी त्यात चांदी मिसळून सोन्याचा वाटा पाव हिश्श्यावर आणतात, मग ते तेजाबात (नायट्रिक आम्लात) टाकतात. चांदी विरघळते, मागे तपकिरी, भुसभुशीत सोनं उरतं. प्रयोगशाळेत हेच चांदीमिश्रित पातळ वर्खावर करतात आणि वीस-तीस नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) रुंदीच्या छिद्रांचा स्पंज मिळतो. तुमच्या २२ कॅरेटच्या अंगठीत मात्र ९१.६ टक्के सोनंच असतं. तेजाब आत शिरायला वाटच नाही, मग जाळी कुठून होणार?

या स्पंजाचा उपयोग मोठा आहे. तेवढ्याच जागेत पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो, त्यामुळे एन्झाइम, म्हणजे स्ट्रिपवर असतं तसं ग्लुकोजशी (रक्तातल्या साखरेशी) क्रिया करणारं प्रथिन, जास्त बसतं. रक्तातली फायब्रिनोजेनसारखी मोठी प्रथिनं सपाट सोन्यावर चिकटून त्याला बुजवतात. छिद्रांत ती खोलवर शिरू शकत नाहीत, पण ग्लुकोजचा इवलासा रेणू सहज जातो. पण हे सगळं इलेक्ट्रोड, म्हणजे मोजणारं सोन्याचं टोक, द्रवात बुडालं तरच. दंडावर लावायच्या साखरेच्या सेन्सरचीही बारीक तार कातडीखाली जावीच लागते. अंगठी नुसती कातडीला टेकते. कातडीला न टोचता साखर मोजणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलाच आहे.

एन्झाइमशिवाय नुसत्या सोन्यावर ग्लुकोजची क्रिया होते, हेही खरं. पण ती चांगली चालते अल्कलीत, म्हणजे पीएच खूप जास्त असलेल्या द्रवात. रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास, शिवाय त्यातलं क्लोराइड सोन्याला चिकटून क्रिया मंदावतं. म्हणून क्लार्क आणि लायन्स या शास्त्रज्ञांनी १९६२ साली सुचवलेली एन्झाइमची वाट आजही सुटलेली नाही.

आणि मोबाईल? साध्या चार्जरलाही पाच वॅट लागतात. ग्लुकोजपासून वीज काढणाऱ्या सेलची ताकद बहुधा मायक्रोवॅटमध्ये मोजतात, म्हणजे वॅटच्या दहा लाखाव्या भागात.

मावशीने अंगठी अजून घेतलीही नव्हती. नुसती तिची वाट बघत तीन आठवडे तपासणी बंद होती. काल स्ट्रिपची नवी डबी नेऊन दिली. सकाळी उपाशीपोटी साखर २१० आली, म्हणजे बरीच जास्त.