ढगातलं कपाट आणि मामांची किल्ली

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ज्ञान दोन जागी असतं. स्टोअरमागच्या लोखंडी कपाटात आणि स्टोअरच्या मामांच्या डोक्यात. दोन्हींची किल्ली मामांच्या करदोड्याला.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेनं शाहूपुरीतल्या आमच्या जुन्या ऑफिसात शिरून सगळ्या फायली चाळल्या. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फूट म्हणजे धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. ड्रॉइंगं तळच्या कप्प्यात ठेवू नयेत, हे मात्र आम्हाला तोवर सुचलं नव्हतं. पुढं आठवडाभर ती गच्चीवर वाळत होती. अजूनही उलगडली की पापडासारखी वाजतात.

मग मालकांनी फर्मान काढलं, सगळं क्लाउडवर. ढगात.

"पाऊस तिथनंच येतोय न्हवं?" मामांनी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही.

ते कसंबसं झालं, तर यंदा मालक पुण्याच्या कुठल्याशा सेमिनारहून नवा शब्द घेऊन आले: विकी. म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाइट. भट्टीत चार्ज, म्हणजे वितळायचा माल, कसा लावायचा, ओतीवात ब्लो होल, म्हणजे हवेची भोकं, आले तर आधी काय बघायचं, सगळं तिथं लिहायचं आणि क्लाउडमधली ड्रॉइंगं त्याला जोडायची. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मला न फाडता काढता येतो.

विकी म्हणजे हवाई बेटांच्या भाषेत झटपट. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिलं विकी केलं, तेव्हा होनोलुलू विमानतळावरच्या शटल बसचं नाव त्याला दिलं. आमच्या वाट्याला ती बस आलीच नाही. आलं ते वडाप, शेअरची जीप. भरल्याशिवाय हलत नाही आणि ड्रायव्हर चहाला गेलेला.

'जोडा' असं बटण होतं. दाबलं. हे अ‍ॅप तुमच्या फायली बघेल, बदलेल, पुसेल, चालेल का? पोरगी बघायला आलेल्यांनीही इतकं मोकळेपणानं विचारलं नसतं. 'चालेल' म्हटलं. तर म्हणे, तुमच्या अ‍ॅडमिनशी संपर्क साधा.

अ‍ॅडमिन कोण, हे शोधण्यात तीन दिवस गेले. आमचं कॉम्प्युटरचं बघणारा पोरगा दीड वर्षापूर्वी सोडून गेला होता, तो अजून अ‍ॅडमिन होता. फोन लावला. "काय भावा, पासवर्ड अजून बदलला न्हाईसा?" असं म्हणून तो इतका हसला की मलाच त्याची लाज वाटली. पण परवानगी त्यानं तिथूनच देऊन टाकली.

जोडणी झाली आणि विकीच्या पानावर ड्रॉइंगच्या जागी करडा चौकोन उमटला. 'तुम्हाला प्रवेश नाही.' मी रीतसर विनंती पाठवली. मिनिटाभरात ऑफिसच्या मेलवर कुणाचीतरी विनंती आली. नाव ओळखीचं वाटलं, पण मेल आयडी बाहेरचा, म्हणून मी नाकारली. मग घरच्या मेलवर नकार आला. तेव्हा कळलं, ब्राउझरमध्ये माझी दोन खाती एकदम उघडी होती. आयुष्यात मला इतक्या तत्परतेनं कुणी हाकललं नव्हतं.

वैतागून मी लिंक सोडली आणि फाईलच विकीवर चढवली. ही चूक माझी, कुणावर ढकलत नाही. लिंक टाकली की फाईल एकच राहते; चढवली की तिची नक्कल होते, आणि नक्कल आहे तिथंच गोठते. फोल्डरमधल्या त्याच फाईलवर ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती, रिव्हिजन सी, चढली; विकीवर आधीची बी तशीच. मोल्डिंगवाल्यांनी विकी वाचलं (पहिल्यांदाच कुणी वाचलं, खरं तर पेढे वाटायला हवे होते) आणि जुन्या मापाचा कोअर, म्हणजे साच्यातला पोकळी राखणारा गाभा, बसवला. चाळीस कास्टिंगं परत भट्टीत.

तर पुन्हा लिंका. एकेक.

शेवटी मालकांना दाखवायचा दिवस उजाडला. केबिनमध्ये मोठा पडदा, चहा, मामा दाराशी. अ‍ॅपची भाषा मी अभिमानानं मराठी ठेवली होती. सी रिव्हिजनवर क्लिक केलं. पडद्यावर अक्षरं आली: 'मालकाकडे परवानगी मागा.'

मालकांनी चष्मा वर केला. "मागा की. मी हितंच बसलोय."

"तसं नाही साहेब, फाईलचा मालक."

"मग फाईल कुणाची? भट्टी माझी, जागा माझी, कर्ज माझं. मालक कोण हाय ह्यात?"

मालक होता तोच सोडून गेलेला पोरगा. फोल्डर त्यानं स्वतःच्या खात्यातून उघडलं होतं, त्यामुळं त्यात त्यानं चढवलेलं सगळं त्याच्याच नावावर होतं. फोन लावला. उचलला नाही. दुपारची वेळ, जेवत असणार.

केबिनमध्ये फक्त एसीचा आवाज. मग दाराशी किल्ली वाजली. मामा गेले आणि दोन मिनिटांत परतले, हातात गुंडाळी.

"सी न्हवं?" त्यांनी विचारलं. "मी प्रिंट मारून ठेवलोय. बी पण हाय, पायजे तर."

टेबलावर कागद पसरला. नवा होता, अजिबात वाजला नाही.