‘ऐंशी नाहीत, तर क्लॅट विसरा’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

दिवाळीच्या तोंडावर आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक संदेश येऊन पडला. लिहिणाऱ्याचे नाव त्यावर नव्हते. ‘कायद्याला जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकापर्यंत पोहोचवा’ एवढी सूचना मात्र ठळक अक्षरांत होती. नंतर तोच संदेश न्यायालयातील बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, दोन सहकाऱ्यांच्या फोनवरही दिसला. त्यातील विधाने थोडक्यात अशी आहेत: क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेशपरीक्षा) ही जन्मजात बुद्धीची परीक्षा आहे, त्यामुळे पहिल्या तीन मॉकमध्ये (सराव परीक्षांत) १२० पैकी ८० गुण न मिळालेल्यांनी राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा नाद सोडावा, संविधानाची कलमे आणि दंडसंहिता पाठ असल्याशिवाय कायद्याचा विभाग सुटत नाही, निगेटिव्ह मार्किंग (चुकीच्या उत्तराला गुण वजा) असल्याने शंभर टक्के खात्री नसलेल्या प्रश्नाला हात लावू नये, मराठी माध्यमाच्या मुलांनी या वाटेला जाऊच नये, रोज चौदा तास अभ्यास हवा, आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठ हुकले तर वकिलीत भवितव्य नाही.

माझी भाची या वर्षी ही परीक्षा देत आहे. संदेश आला त्याच्या आदल्या दिवशी तिला मॉकमध्ये ५८ गुण मिळाले होते, आणि ‘किती पडले?’ या एका काकांच्या प्रश्नाला तिच्या आईने गटावरच उत्तर दिले होते. त्यानंतर दोन दिवस तिने पुस्तक उघडले नाही. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, शिकवणी घेत नाही. पण पुरावा नसलेले विधान खोडून काढणे हे माझे रोजचे काम असल्याने हा प्रतिवाद लिहीत आहे.

सुरुवात ऐंशीच्या आकड्यापासून करू. हा आकडा कोणत्या वर्षीच्या, कोणाच्या प्रश्नपत्रिकेवरून काढला, हे संदेशात कुठेही नाही. मॉक ही परीक्षा घेणाऱ्या कॉन्सॉर्शियमच्या (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाच्या) असतात, तशा वेगवेगळ्या शिकवण्यांच्याही असतात. काही शिकवण्या सुरुवातीच्या मॉक मुद्दाम अवघड काढतात, तर काही शिकवण्या मुलांचा धीर सुटू नये म्हणून सोप्या. एका प्रश्नपत्रिकेतील ६० आणि दुसरीतील ८० यांची तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या तराजूंवरची वजने एकमेकांशी ताडून पाहणे होय. शिवाय प्रवेश गुणांवर होत नाही, गुणानुक्रमावर होतो. प्रश्नपत्रिका अवघड निघाली की सगळ्यांचेच गुण उतरतात, पण तुमचा क्रमांक त्यामुळे बदलतोच असे नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्राच्या तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांत राज्यातील रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत, म्हणजे एकाच गुणानुक्रमाचा अर्थसुद्धा विद्यार्थ्यागणिक वेगळा होतो.

मॉकचे सोडा, प्रत्यक्ष परीक्षेचे गुणही पहिल्या दिवशी अंतिम नसतात, याचा पुरावा फार जुना नाही. १ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या क्लॅटच्या उत्तरसूचीतील दोन उत्तरे चुकीची असल्याचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने त्याच महिन्यात दिला. निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील याचिका फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीकडे वर्ग केल्या, एप्रिलमध्ये तेथील खंडपीठाने गुणवत्ता यादी सुधारण्यास सांगितले, आणि अखेर ७ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही प्रश्न रद्द करण्याचे आणि काहींच्या गुणदानात बदल करण्याचे आदेश दिले. ज्या परीक्षेचे स्वतःचे गुण पाच महिने तळ्यात-मळ्यात होते, तिच्या नकलेतील पहिल्या तीन आकड्यांवरून एखाद्या मुलीची जन्मजात बुद्धी ठरवणे कोणत्या न्यायाला धरून आहे, हे संदेशकर्त्याने सांगावे.

याहून महत्त्वाचे म्हणजे, नुसता आकडा पाहून विद्यार्थ्याला काय कमी पडते हेच कळत नाही. क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला १ गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तराला ०.२५ वजा होतो. समजा एका मुलाने सर्व १२० प्रश्न सोडवले आणि ८४ बरोबर आले, तर ३६ चुकांचे ९ गुण जाऊन त्याच्या हाती ७५ उरतील. दुसरीने ९० सोडवले आणि त्यांतील ८० बरोबर आले, तर तिला ७७.५ मिळतील. गुणपत्रकावर दोघे शेजारी दिसतात, पण पहिल्याला थांबून वाचायला शिकायचे आहे आणि दुसरीला वेग वाढवायचा आहे. दोघांनाही ‘ऐंशी नाहीत, म्हणून सोडा’ असे सांगणारा सल्ला हा नाडी न पाहता दिलेल्या औषधासारखा आहे.

कलमे पाठ करण्याविषयीचे विधान पूर्वी अगदीच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. २००८ साली क्लॅट सुरू झाली तेव्हापासून अनेक वर्षे ती २०० प्रश्नांची होती, आणि त्या काळी सामान्यज्ञानाच्या पाठांतराला खरोखरच फळ मिळे. २०२० पासून मात्र परीक्षेचे स्वरूप बदलले. प्रश्न आधी १५० झाले, आणि डिसेंबर २०२३ मधील परीक्षेपासून १२० प्रश्न व १२० मिनिटे अशी रचना आहे. आता जवळपास सर्व प्रश्न उताऱ्यावर आधारित असतात. कायद्याच्या विभागासाठी कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही, असे कॉन्सॉर्शियमने स्वतःच स्पष्ट केलेले आहे. नियम उताऱ्यात दिलेला असतो, प्रश्नात एक घटना असते, आणि दिलेला नियम त्या घटनेला लावून दाखवायचा असतो. जुना सल्ला नव्या परीक्षेला चिकटून राहिला आहे, इतकेच.

येथे थोडी कबुली देतो. भाचीच्या मॉकमधील हाच विभाग मी एका रविवारी घड्याळ लावून सोडवला आणि माझी पाच उत्तरे चुकली. कारण तपासले तेव्हा लक्षात आले की उताऱ्यातील नियम बाजूला ठेवून मी मला ठाऊक असलेला कायदा लावत होतो. उताऱ्यात निष्काळजीपणाची एक संकुचित व्याख्या दिली होती. मी मात्र मनात निवाडे आठवत बसलो. ज्ञान असणे येथे अडचणीचे ठरू शकते, हे वीस वर्षांच्या वकिलीनंतर कळणे जरा खजील करणारेच होते. शिवाय ज्यांनी भारतीय दंडसंहिता पाठ केली त्यांचे पाठांतर १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर बरेचसे वाया गेले. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले आहे आणि फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये शोधावे लागते. नवा कायदा का आला आणि त्यात काय बदलले हे चालू घडामोडींसाठी जरूर वाचावे, पण कलमांचे आकडे घोकण्याने कायद्याच्या विभागातील एकही प्रश्न सुटणार नाही.

निगेटिव्ह मार्किंगचे विधान सर्वांत जास्त पटते आणि सर्वांत जास्त नुकसान करते. येथे मताची गरज नाही, गणित पुरेसे आहे. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. सोळा प्रश्न अगदी डोळे मिटून सोडवले, तर सरासरीने चार बरोबर येतील आणि बारा चुकतील. चार गुण मिळून तीन वजा होतील, म्हणजे एक गुण शिल्लक राहील. हा फायदा नगण्य आहे हे मान्य, पण तोटा नाही. आता ज्या प्रश्नांत दोन पर्याय निश्चित चुकीचे आहेत हे तुम्हाला कळले आहे, असे सोळा प्रश्न घ्या. सरासरीने आठ बरोबर, आठ चूक; आठ गुणांतून दोन वजा होऊन सहा हाती येतात. शेवटच्या दोन पर्यायांत अडकलेल्या प्रश्नाला ‘खात्री नाही’ म्हणून हात न लावणारा विद्यार्थी हे सहा गुण टेबलावर सोडून उठतो, आणि जेथे एकेका गुणावर शेकडो क्रमांक इकडचे तिकडे होतात तेथे ही उदारता परवडणारी नाही.

या गणिताला एक अपवाद आहे. हे सरासरीचे हिशेब खऱ्या अर्थाने आंधळ्या अंदाजाला किंवा विचारपूर्वक केलेल्या छाटणीला लागू पडतात. घाईत अर्धवट वाचून दिलेल्या उत्तराला लागू पडत नाहीत. प्रश्न काढणारा चुकीचे पर्याय नेमके अर्धवट वाचणाऱ्यासाठीच रचतो. उताऱ्यातील एखादा शब्दप्रयोग जसाच्या तसा उचलून त्याचा अर्थ फिरवलेला पर्याय तेथे वाट पाहत असतो. म्हणून वेळ संपत आला की उतारा वरवर चाळून उत्तर ‘वाटते तसे’ रंगवण्यापेक्षा, हातातला एक उतारा नीट वाचून पूर्ण करणे अधिक लाभाचे ठरते. महाराष्ट्राच्या विधी सीईटीत, म्हणजे राज्याच्या स्वतःच्या प्रवेशपरीक्षेत, तर निगेटिव्ह मार्किंगच नाही. तेथे एकही प्रश्न कोरा ठेवण्याला काही कारण उरत नाही. दोन्ही परीक्षा देणाऱ्या मुलांना हा फरक माहीत असतो, तरी डिसेंबरमधील भीती पुढच्या परीक्षेपर्यंत सोबत जाते.

मराठी माध्यमाविषयी संदेशात जे म्हटले आहे त्यातील एक भाग खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. क्लॅट केवळ इंग्रजीत होते. ती प्रादेशिक भाषांतही घ्यावी यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झालेली आहे, आणि पदवीनंतर वकिलांना द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा मराठीतून देता येत असताना प्रवेशाची परीक्षा मात्र इंग्रजीतच का, हा प्रश्न माझ्या मते रास्त आहे. इंग्रजीचा विभाग २२ ते २६ प्रश्नांचाच असला तरी वाचन सगळ्याच विभागांत इंग्रजीतून करायचे असते. उतारा साधारण ४५० शब्दांपर्यंतचा असतो. गणित सोडून उरलेल्या उताऱ्यांचा अंदाज केला तर दोन तासांत नऊ हजारांच्या आसपास शब्द डोळ्यांखालून जातात, आणि त्याशिवाय प्रश्न व पर्याय असतात. हा भार मराठी माध्यमाच्या मुलांना अधिक जाणवतो.

परंतु जाणवणारी अडचण वाचनाच्या सवयीची आहे, बुद्धीची नाही. संदेश या दोन गोष्टींची गल्लत करतो. ज्या मुलांशी मी बोललो त्यांच्यात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली, ती अशी की ती इंग्रजी वाक्य मनात मराठीत उतरवून मग समजून घेतात. शब्द अडत नाहीत, हे मनातले भाषांतर वेळ खाते. त्यावर उपाय कंटाळवाणा पण साधा आहे: रोज इंग्रजी वृत्तपत्रातील एक अग्रलेख घड्याळ लावून वाचणे, आणि वाचून झाल्यावर लेखकाचे म्हणणे एका वाक्यात, वाटल्यास मराठीत, लिहून काढणे. भाषांतर शेवटी एकदाच करायचे, वाक्यागणिक नाही. काही महिन्यांत फरक दिसतो. क्लॅटच्या त्या वादात ७ मे २०२५ चा आदेश देणाऱ्या पीठावर न्यायमूर्ती भूषण गवई होते. त्यांचे प्राथमिक शिक्षण अमरावतीत नगरपालिकेच्या मराठी शाळेत झाले, आणि त्या आदेशानंतर आठवडाभरात ते देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांच्या काळी क्लॅट नव्हती, तेव्हा या उदाहरणाने प्रवेशपरीक्षेबद्दल काहीच सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे. मराठी माध्यम आणि कायद्याची बुद्धी यांचे वैर नाही, एवढ्याच मुद्द्यापुरता मी त्याचा आधार घेतो.

चौदा तासांच्या अभ्यासावर शब्द खर्च करण्याचे कारण नाही. बारावीचे वर्ग, प्रवास आणि झोप जमेस धरली तर दिवसात तेवढे तास उरतच नाहीत.

शेवटचे विधान भवितव्याचे. मोठ्या लॉ फर्म आणि कंपन्या नोकरीसाठी आधी राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या आवारात जातात, हे खरे आहे, आणि ज्याला तेच काम करायचे आहे त्याने त्या विद्यापीठांसाठी जिवापाड प्रयत्न करावेत. वकिलीचा व्यवसाय मात्र त्याहून बराच मोठा आहे. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासून आणि पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ पासून चालू आहे. दोन्हींचे प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतात आणि ती परीक्षा मराठीतही असते. वकिलीची सनद देताना बार कौन्सिल महाविद्यालयाचा दर्जा पाहत नाही. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो, आणि २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वांनाच लागू केली, मग पदवी बेंगळुरूची असो वा बीडची. क्लॅटला वयाची वरची मर्यादा नाही, आणि पदवीनंतर तीन वर्षांच्या एलएलबीचा मार्ग खुला राहतोच. अठराव्या वर्षी दार कायमचे बंद होते असे सांगणाऱ्याने ही दारे मोजलेली नाहीत.

भाचीच्या त्या ५८ गुणांकडे आम्ही नंतर एका संध्याकाळी शांतपणे पाहिले. तिने १०८ प्रश्न सोडवले होते, ६८ बरोबर, ४० चूक. चुकांची वही काढली तेव्हा दिसले की चाळीसपैकी सतरा चुका शेवटच्या वीस मिनिटांतल्या होत्या, आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी तिने उतारा अर्धाच वाचला होता. कायदा आणि तर्क या विभागांत तिचे काहीही अडत नव्हते. चालू घडामोडींवर सुरुवातीलाच फार वेळ जात होता. तिने विभागांचा क्रम बदलला आणि शेवटचे दोन उतारे सोडून देण्याची तयारी ठेवली. पुढच्या मॉकमध्ये १०४ सोडवून ७१ बरोबर आले, म्हणजे ६२.७५. संदेशाच्या हिशेबाने ती अजूनही नापासच आहे. गटावर काकांनी पुन्हा विचारले, तेव्हा या वेळी तिच्या आईने उत्तर दिले नाही.